कोरडे ड्रिल, चिकटणारे ॲल्युमिनियम : एका छिद्राचा इतिहास, म्युनिकपासून नागपूरपर्यंत

१/
नागपूरच्या मिहानमध्ये डॅसो आणि रिलायन्स यांच्या संयुक्त कारखान्याची पायाभरणी २७ ऑक्टोबर २०१७ रोजी झाली. तेथे फाल्कन २००० या विमानाच्या पुढील भागाची जुळणी होऊ लागली. या विमानाचा सांगाडा मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा आहे. असा सांगाडा वितळवून जोडता येत नाही. पत्रे आणि फासळ्या एकमेकांवर ठेवून रिव्हेटने शिवाव्या लागतात, आणि प्रत्येक रिव्हेटसाठी आधी एक छिद्र पाडावे लागते. विमानबांधणी हा शेवटी छिद्रे पाडण्याचा धंदा आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

२/
यंत्रशाळेत लेथवर किंवा मिलिंग मशीनवर काम चालू असताना दुधाळ रंगाच्या कूलंटची धार हत्यारावर पडत असते. विमानाच्या जुळणीत ती धार सोडणे बहुतेक वेळा शक्य नसते. म्हणून एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो : ॲल्युमिनियममध्ये कोरडे ड्रिल चालवले, तर ड्रिलचे काय होते आणि छिद्राचे काय होते?

उत्तर असे, की पोलाद कापताना हत्यार झिजते, तर ॲल्युमिनियम कापताना ते बहुधा माखते. पहिल्या प्रकारात धारेवरचे काहीतरी कमी होते. दुसऱ्यात धारेवर काहीतरी वाढते. हा फरक नीट उमगायला माणसाला जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

३/
प्रारंभ म्युनिकच्या शस्त्रागारात. बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, तेथे पितळी तोफांच्या नळ्या कोरण्याच्या कामावर देखरेख करीत असे. कोरताना तोफ विलक्षण तापते, हे त्याच्या लक्षात आले. त्या काळी उष्णता हा एक सूक्ष्म द्रव आहे, तो पदार्थात साठलेला असतो आणि पदार्थ फोडला की बाहेर पडतो, अशी सर्वमान्य समजूत होती.

रम्फर्डने मुद्दाम बोथट हत्यार घेतले. तोफेचा भाग पाण्याच्या पेटीत बुडवला आणि घोड्यांच्या बळावर कोरणे सुरू ठेवले. सुमारे अडीच तासांत पाणी उकळू लागले. विस्तव कोठेही नाही आणि पाणी मात्र खळखळते आहे, हे पाहून जमलेले लोक थक्क झाले. बोथट हत्याराने धातू फारसा निघाला नव्हता. तरी उष्णता संपत नव्हती. संपत नाही ती वस्तू द्रव कशी असेल? ती गतीचेच रूप असली पाहिजे, असा निष्कर्ष त्याने १७९८ साली रॉयल सोसायटीपुढे मांडला.

भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत हा प्रयोग उष्णतेच्या सिद्धान्तासाठी येतो. यंत्रशाळेच्या इतिहासात त्याचा दुसरा अर्थ आहे. बोथट धार कापत नाही, घासते. आणि घासण्याची सगळी मेहनत उष्णतेत जाते, ही गोष्ट येथे पहिल्यांदा मोजून दाखवली गेली.

४/
पुढचा टप्पा अमेरिकेत. स्टीफन मोर्सने १८६३ साली पिळाच्या ड्रिलचे पेटंट घेतले. त्याआधीची ड्रिल चपटी असत आणि कीस छिद्रातच अडकून बसे. मोर्सच्या पिळाच्या खाचांतून तो आपोआप वर चढू लागला. आपल्याकडच्या सुताराच्या गिरमिटालाही टोकाशी पीळ असतो. पण त्याचे मुख्य काम लाकडात शिरणे. धातूच्या ड्रिलमध्ये पिळाचे निम्मे काम कचरा बाहेर काढणे हे आहे. हा तपशील पुढे फार उपयोगी पडणार आहे.

५/
त्यानंतर फ्रेडरिक टेलर. कामगाराच्या हाती घड्याळ लावणारा माणूस म्हणून तो कुप्रसिद्ध आहे, आणि ते योग्यही आहे. परंतु धातू कापण्याच्या शास्त्रात त्याच्याइतका चिवट प्रयोगकर्ता दुसरा झाला नाही. १८८३ च्या सुमारास मिडवेल पोलाद कारखान्यात त्याने एक साधी गोष्ट करून पाहिली. कापणाऱ्या हत्याराच्या टोकाशी पाण्याची मोठी धार सोडली. कापण्याचा वेग तीस ते चाळीस टक्क्यांनी वाढवता आला.

कूलंटचे युग येथून खऱ्या अर्थाने सुरू झाले. सव्वीस वर्षांचे प्रयोग टेलरने १९०६ साली अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले. त्या प्रयोगांत आठ लाख पौंडांच्या आसपास लोखंड आणि पोलाद किसात रूपांतरित झाले होते. त्यातून निघालेले सूत्र आजही अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ करावे लागते : वेग वाढला की हत्याराचे आयुष्य घटते, आणि तेही ठराविक घातांकाच्या प्रमाणात.

त्या सूत्रामागे एक चित्र गृहीत आहे. हत्यार तापते, मऊ पडते, झिजते, संपते. पोलादासाठी हे चित्र खरे होते. टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी तयार केलेले हाय-स्पीड स्टील १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लाल तापूनही कापत राहिले, तेव्हा पाहणाऱ्यांना भविष्य समोर दिसल्यासारखे वाटले. १९२० च्या दशकात जर्मनीत टंगस्टन कार्बाइड आले. क्रुप कंपनीने त्याला ‘विडिया’ म्हटले, म्हणजे हिऱ्यासारखे. उष्णतेशी आणि झिजेशी चाललेली लढाई एकेक पाऊल जिंकली जात होती.

६/
दरम्यान दुसराच धातू रंगमंचावर आला होता. १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल हेरू या दोघा तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, विजेने ॲल्युमिनियम काढण्याची एकच रीत शोधली. चांदीच्या पंक्तीत बसणारा धातू काही वर्षांत स्वयंपाकघरात आला. महाराष्ट्रात कित्येक घरांत ॲल्युमिनियमच्या भांड्याला अजूनही ‘जर्मनचे भांडे’ किंवा ‘जर्मलचा डबा’ म्हणतात. धातूची ओळख आयातीच्या गावावरून झाल्याची ही खूण भाषेत राहून गेली आहे.

शुद्ध ॲल्युमिनियम मऊ. विमानाला ते पुरेसे नाही. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्मला थोडे तांबे आणि मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून विझवल्यावर लगेच कठीण होत नाही, पण काही दिवस नुसते ठेवले की आपोआप कठीण होते, असे आढळले. त्यातून ड्युरालुमिन आले आणि ड्युरालुमिनमधून धातूचे विमान.

७/
याच कुळातील धातू नागपूरच्या आकाशात रोज रात्री उतरू लागला, तो १९४९ साली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्रीनंतर सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करत, आणि उजाडण्याच्या सुमारास आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा नागपूरला झालेला हा एक दुर्लक्षित लाभ. ती डाकोटा विमानेही तांबेयुक्त ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची, रिव्हेटांनी शिवलेली. मिहान आज त्याच सोनेगावच्या विमानतळाला लागून आहे.

८/
आता मूळ मुद्दा. ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे त्यात छिद्र पाडणे सोपे असावे, असे कोणालाही वाटेल. ड्रिल सहज आत जाते, हेही खरे. अडचण तेथूनच सुरू होते.

हवेत ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अत्यंत पातळ पापुद्रा क्षणात तयार होतो आणि धातूला झाकून टाकतो. छिद्राच्या तळाशी मात्र प्रत्येक क्षणी नवा, उघडा धातू प्रचंड दाबाखाली ड्रिलच्या धारेला भिडत असतो. मध्ये तेलाचा थर नसेल, तर तो धातू धारेला चिकटतो. चिकटलेल्यावर आणखी चिकटतो. थोड्या वेळात पोलादाच्या किंवा कार्बाइडच्या धारेवर ॲल्युमिनियमचीच एक वेडीवाकडी नवी धार उभी राहते आणि पुढचे काम ती करू लागते. यंत्रशाळेत याला ‘बिल्ट-अप एज’ म्हणतात. १९३८ साली हान्स अर्न्स्टने किसाचे तीन प्रकार सांगितले, तेव्हा अशा साचलेल्या धारेसह निघणारा अखंड कीस हा त्यांतला एक प्रकार मानला.

ही खोटी धार टिकत नाही. ती वाढते, तुटते, पुन्हा वाढते. तुटताना तिचा काही भाग छिद्राच्या भिंतीला फासला जातो आणि भिंत खरबरीत होते. कधी ती जाताना मूळ धारेचा कणही उपटून नेते. म्हणजे झीज येथेही होते. पण घासून नव्हे, उपटून.

९/
मग वेग वाढवावा, असे कोणी सुचवील. पुष्कळ अंशी ते बरोबरच आहे. वेग वाढला की साचलेली धार विरळ होते. परंतु ड्रिल हे एक विचित्र हत्यार आहे. त्याच्या परिघावर वेग सर्वांत जास्त असतो आणि अगदी मध्यबिंदूवर शून्य. मध्याजवळ ड्रिल कापत नाहीच, धातूला बाजूला रेटते. तेव्हा यंत्र कितीही वेगाने फिरवले, तरी टोकाच्या मध्याशी चिकटण्याला अनुकूल अशी जागा कायम शिल्लक राहते. लेथवर काम करणाऱ्याला हा जाच नाही.

कीस हा दुसरा जाच. मोर्सच्या खाचा येथे आठवाव्यात. कोरड्या छिद्रातला ॲल्युमिनियमचा कीस मऊ आणि चिवट असतो. खाचेत तो दाबला गेला की तेथेच थापला जातो. खाच बुजली, की मागून येणाऱ्या किसाला वाट नाही. मग ड्रिल कळ खाऊन तुटते, आणि तुटलेला तुकडा महागड्या भागात अडकून बसतो. म्हणून ॲल्युमिनियमची ड्रिल पोलादाच्या ड्रिलपेक्षा वेगळी दिसतात : खाचा रुंद आणि गुळगुळीत, पीळ अधिक तिरका.

एक अपवाद नोंदवला पाहिजे. इंजिनाच्या ओतीव ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन भरपूर असते, आणि सिलिकॉनचे कठीण कण धारेला खरोखर घासून झिजवतात. तेथे टेलरचे चित्र पुन्हा लागू पडते. ‘ॲल्युमिनियम’ हा एकच शब्द वापरून बोलणाऱ्यांचे वाद बहुधा येथेच सुरू होतात. एकाच्या डोळ्यांपुढे पिस्टन असतो, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे पत्रा.

१०/
छिद्राच्या मापाचे काय होते, ते आकड्यांतच पाहणे बरे. ॲल्युमिनियम एक अंश तापमानवाढीला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन प्रसरण पावते. पोलाद त्याच्या निम्मे. ॲल्युमिनियम उष्णता चटकन वाहून नेते, म्हणून कोरड्या ड्रिलिंगमधली उष्णता हत्यारात साठण्याऐवजी मोठ्या प्रमाणात कामाच्या तुकड्यात पसरते. समजा ६ मिलिमीटरच्या छिद्राभोवतीचा धातू १०० अंशांनी तापला. तापलेल्या धातूत बरोबर मापाचे पाडलेले छिद्र थंड झाल्यावर सुमारे १४ मायक्रॉनने आकसेल. या मापाच्या छिद्राला एच-८ या प्रचलित श्रेणीत मिळणारी एकूण सूट १८ मायक्रॉन आहे. अर्थात ड्रिलही तापून थोडे फुगते आणि धारेवर साचलेला धातू छिद्र मोठे करतो. म्हणजे एक चूक छिद्र लहान करते, दुसरी मोठे करते, आणि प्रत्येक छिद्रात त्यांचे प्रमाण बदलते. सरासरी माप बरोबर आले, म्हणून छिद्रे बरोबर आली असे होत नाही.

नागपूरकरांसाठी आणखी एक हिशेब. जगभरातील मापांचे संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस आहे. हे १९३१ साली ठरले. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ ला जातो. एक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची फासळी या २५ अंशांच्या फरकाने अर्ध्या मिलिमीटरहून अधिक लांबते. त्या उन्हात उघड्या शेडमध्ये दोन टोकांची छिद्रे जुळवणारा माणूस आधीच हवेशी झुंजत असतो. ड्रिलची उष्णता त्यावर पडणारी भर.

ड्रिल दुसऱ्या बाजूने बाहेर पडते तेथे पत्र्याची तीक्ष्ण कड उभी राहते. कारखान्यात तिला ‘बर’ म्हणतात. माखलेले ड्रिल कापण्याऐवजी रेटते, म्हणून कोरड्या छिद्राला बर जास्त येते. दोन पत्र्यांच्या मध्ये बर आली, की पत्रे एकमेकांना टेकत नाहीत आणि रिव्हेटची पकड ढिली राहते.

११/
पण चौदा मायक्रॉन आणि एक बारीक कड, यांसाठी एवढा खटाटोप का?

१८९८ साली एर्न्स्ट किर्श याने गणिताने दाखवले, की ताणलेल्या पत्र्यात एक गोल छिद्र असेल, तर छिद्राच्या कडेशी ताण तिप्पट होतो. छिद्र अगदी निर्दोष असले तरी. त्या कडेवर ओरखडा, फासलेला धातू किंवा बर असेल, तर तिपटीवर आणखी भर पडते.

विमान दर उड्डाणाला फुगते आणि उतरताना आकसते. १० जानेवारी १९५४ रोजी कॉमेट हे प्रवासी जेट विमान एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. ३५ माणसे गेली. ८ एप्रिलला दुसरे कॉमेट नेपल्सजवळ पडले, २१ गेली. पहिल्याची दाबाखालची उड्डाणे १,२९० झाली होती, दुसऱ्याची अवघी ९००. फार्नबरोच्या संशोधकांनी तिसरे कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवले आणि पाण्याचा दाब चढवत-उतरवत राहिले. आधीची प्रत्यक्ष उड्डाणे धरून ३,०५७ आवर्तनांनंतर त्याचे कवच फाटले. समुद्रातून वर काढलेल्या पहिल्या विमानाच्या अवशेषांत तडा छतावरच्या एका झरोक्याजवळ, छिद्राच्या कडेपासून निघालेला आढळला.

हे अपघात कोरड्या ड्रिलिंगमुळे झाले, असे कोणी म्हणू नये. झरोक्यांच्या कोपऱ्यांतला ताण अपेक्षेपेक्षा फार जास्त होता, हे त्यांचे मुख्य कारण. मात्र १९५४ नंतर विमानबांधणीत छिद्राकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तोपर्यंत छिद्र म्हणजे रिव्हेट बसवण्याची जागा होती. आता ती तडा सुरू होण्याची जागा झाली. भिंतीचा खरबरीतपणा, कडेची बर, गोलाई, ही सगळी मापे कागदावर आली.

१२/
एवढे सगळे कळल्यावर कूलंट ओतून मोकळे व्हावे, तर इतिहास उलट दिशेला वळला. १९९० च्या दशकात जर्मनीतील अभ्यासकांनी कारखान्यांचे हिशेब तपासले. कूलंटची खरेदी, गाळणे, साठवण आणि विल्हेवाट यांचा खर्च हत्यारांच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त निघाला. कामगारांच्या फुप्फुसांचा आणि त्वचेचा प्रश्न वेगळाच. १९९८ साली अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने हवेतील कूलंटच्या तुषारांची शिफारस केलेली मर्यादा घनमीटरला अर्धा मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली. टेलरच्या पाण्याच्या धारेची किंमत शंभर वर्षांनी कोणीतरी मोजत होते, आणि ती इतकी वर्षे मुख्यतः कामगारच भरत आला होता.

विमानाच्या जुळणीत कारण आणखी साधे आहे. पत्रे एकावर एक बसवून एकदमच छिद्र पाडले, तर द्रव त्यांच्या फटीत शिरतो. तेथे सीलंट धरत नाही, किंवा पत्रे पुन्हा सुटे करून पुसावे लागतात. कार्बन फायबर आणि ॲल्युमिनियम एकत्र असेल, तर ओलावा राहिलेल्या जागी दोहोंच्या संगतीने ॲल्युमिनियम गंजते. म्हणून कोरडे ड्रिल, किंवा फार तर तेलाचे अगदी थोडे तुषार, किंवा टोकाला लावलेले मेणासारखे वंगण.

हे परतणे म्हणजे रम्फर्डच्या काळात जाणे नव्हे. धारेवर हिऱ्यासारख्या कार्बनचा गुळगुळीत लेप देतात, कारण ॲल्युमिनियम त्याला सहज चिकटत नाही. पोलादासाठी नावाजलेला टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडचा लेप येथे उलटतो. लेपातच ॲल्युमिनियम असल्यामुळे चिकटण्याची ओढ वाढते. महागडे म्हणून घेतलेले ड्रिल साध्या, लेप नसलेल्या कार्बाइडपुढे हरते, ते असे.

१३/
नागपुरात ही कथा मिहानच्या बरीच आधी पोचली होती. अंबाझरीचा आयुध कारखाना साठच्या दशकातला. हलक्या मिश्रधातूंचे काम तेथे जुने आहे. २०२१ मध्ये आयुध कारखान्यांची पुनर्रचना झाली आणि यंत्र इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपुरात आले. अमरावती मार्गावर वाडी येथे १९८९ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन विकास व अभिकल्प केंद्र आहे. एका धातूला वाहिलेली अशी राष्ट्रीय संस्था या शहरात आहे, हे खुद्द शहरात फार थोड्यांना ठाऊक असते. बोइंग ७८७ च्या जमिनीखालच्या तुळया मिहानमध्येच टाटा समूहाच्या कारखान्यात तयार झाल्या. त्या मात्र कार्बन फायबरच्या.

आणि हिंगण्याच्या एमआयडीसीसारख्या वसाहतींतल्या लहान यंत्रशाळा. ॲल्युमिनियमवर काम करताना रॉकेलचा बोळा हाताशी ठेवणे, ही यंत्रशाळांतली फार जुनी रीत. पुस्तकी भाषेत सांगायचे तर रॉकेल येथे थंड करण्यापेक्षा चिकटू न देण्याचे काम करते. अर्न्स्टने नाव ठेवण्याच्या आधीपासून कारागिरांना रोग माहीत होता आणि औषधही. रॉकेलचा धूर आणि आगीचा धोका हे त्या औषधाचे दुखणे.

मोठ्या कारखान्यात ड्रिल बोथट होण्याची वाट पाहत नाहीत. ठरावीक छिद्रे झाली की ते बदलले जाते, मग धार शाबूत दिसो वा न दिसो. लहान यंत्रशाळेत हा आकडा नसतो. तेथे कारागीर कीस पाहतो : चकचकीत, सुटा, वळलेला असेल तर काम चालू, मंद, चुरगळलेला, खाचेला धरून बसलेला दिसला, की तो यंत्र थांबवतो, ड्रिल काढतो, आणि खाचेत थापलेले ॲल्युमिनियम टोकदार सळईने खरवडून पुन्हा चढवतो.